मागच्या घोड्यावरून

अप्पा,

तुमची माकडटोपी सापडली. तेरा दिवस घरभर शोधली आणि निघाली माझ्या स्कूटरच्या डिकीतून. उजव्या कानाशी उसवलेली, मटाराच्या दोन वाळक्या वेलांसकट. आणि तिला घोड्याचे पांढरे केस इतके चिकटलेले, की टोपी तुमची की बादशाहची असा प्रश्न पडावा. ती हातात धरून मी वळले, तर मागे सुहास उभा. तुमचा मुलगा, माझा नवरा, आणि ज्याला हा अख्खा हिवाळा आपण दोघांनी मिळून फसवलं तो बिचारा माणूस.

नाटकात अशा वेळी दिवे जातात. आनंद नगरातले दिवे एरवी हवे तेव्हा जातात, त्या संध्याकाळी मात्र लख्ख होते.

पण गोष्ट मधूनच सुरू केली की तुम्ही रागवायचात. "सूनबाई, माल कुठून उचलला ते सांगितल्याशिवाय कुठं ठेवायचा ते मले काय समजणार?" बरं, सुरुवातीपासून सांगते. सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमची फजिती आली की तुम्ही कानातलं यंत्र काढून खिशात टाकायचात. ते यंत्र आता माझ्या टेबलावर आहे. आज पूर्ण ऐकावं लागेल.

आठ वर्षांपूर्वी माझ्या लेकीला, आपल्या मुक्ताला, सुट्टीत घोडेस्वारी शिकायची लहर आली. पंधरा दिवसांचा वर्ग. तिसऱ्या दिवशी मुक्ताबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, घोड्याला वास येतो. झालं, संपली घोडेस्वारी. तेव्हा खिडकीतून तुमचा आवाज आला, "उरलेले बारा दिवस वाया काहून घालवायचे? मी जातो." वय सहासष्ट. आईंना जाऊन सहा महिने झाले होते आणि त्या सहा महिन्यांत तुम्ही त्या खिडकीपासून फारसे हलला नव्हतात, म्हणून कुणी हसलं नाही. मी हसले. मी हसले म्हणून तुम्हाला स्कूटरवर घालून नेण्याची शिक्षा मलाच झाली.

रायसेन रोडने पुढे, वस्ती संपून गव्हाची शेतं लागली की उजवीकडे कच्चा रस्ता, त्याच्या टोकाला रफीकमियाँचा तबेला. त्यांनी तुम्हाला वरून खाली बघितलं. "को खां, बच्ची कां है?"

"बच्ची नहीं आएगी, ये आएँगे," मी म्हटलं.

"ये? चचा? बैठ लेंगे?"

तुम्ही ऐकतच नव्हतात. तुम्ही बादशाहभोवती प्रदक्षिणा घालत होतात. चारी खूर बघितले, पोटाखालचा पट्टा ओढून बघितला, लगामाची प्रत्येक कडी बोटाने तपासली. शेवटी रफीकमियाँना अत्यंत गंभीरपणे विचारलंत, "इसका ब्रेक कहाँ है?"

रफीकमियाँ म्हणाले, "चचा, ब्रेक तो इसकी मर्ज़ी में है।"

चौतीस वर्षं तुम्ही कारखान्यात क्रेन चालवली होती. शेडच्या छताशी टांगलेल्या त्या केबिनमध्ये एकटे बसून, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातांकडे बघत. आवाज इतका की ओरडून काही उपयोग नाही, म्हणून सगळा कारभार हाताच्या इशाऱ्यांवर. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की खाली सोड. हात बाजूला सरळ, तळवा जमिनीकडे, म्हणजे थांब. आणि एका हाताचं बोट फिरवायचं नि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्यावर झाकणासारखा धरायचा, म्हणजे हळू, अगदी हळू. कान तुम्ही कारखान्यातच ठेवून आलात आणि इशारे मात्र पहिल्या वर्षापासून घरी घेऊन आलात. लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा पहिल्याच जेवणात तुम्ही ताटावर बोट खाली करून गोल फिरवलंत. मला वाटलं सासऱ्यांना कसला तरी झटका आला. सुहास शांतपणे म्हणाला, "भात वाढ म्हणतायत."

वर्ग संपला तरी तुमचं जाणं संपलं नाही, आणि पहिला हिवाळा मी तबेल्याच्या बाहेर शाल गुंडाळून बसून काढला. दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही म्हणालात, "बसून बसून थंडी वाजून राहिली ना तुले? मग घोड्यावर बस, गरम असते." आणि माझ्या नशिबी आली रानी.

रानी दिसायला राजघराण्यातली. खरी कहाणी अशी, की ती बारा वर्षं वरातीतली घोडी होती. शेकडो नवरदेव तिने पोहोचवले. म्हातारी झाली म्हणून रफीकमियाँनी आणली. स्वभावाने गाय. फक्त कुठूनही बँडचा आवाज आला, की ती थांबते, मान वाकवते आणि पुढचे दोन पाय आळीपाळीने उचलून नाचायला लागते. आणि संक्रांत झाली की रायसेन रोडवर बँडचा दुष्काळ कधीच नसतो. कुठे मॅरेज गार्डनमध्ये बिदाई, कुठे गावातून माता पूजनाची मिरवणूक. पहिल्यांदा ती माझ्यासकट नाचली तेव्हा मी तिच्या मानेला मिठी मारून "अप्पा! अप्पा!" असा आक्रोश केला. तुमचं यंत्र खिशात. तुम्ही वीस पावलं पुढे, डुलत डुलत निघालेले. मग कशाने कोण जाणे, मागे वळलात, मला बघितलंत, आणि हात बाजूला सरळ, तळवा खाली. थांब!

मला समजलं. रानीला समजलं नाही. ती बँड थांबेपर्यंत नाचली.

"घबराओ मत बाजी," मागून चालत येणारे रफीकमियाँ म्हणाले, "शादी का टेम है, इसे भी याद आ रई है।"

घरी येईपर्यंत तुम्ही स्कूटरच्या मागच्या सीटवर एकटेच हसत होतात. तुमचं पोट माझ्या पाठीला लागून हलत होतं, त्यावरून कळलं. आई गेल्यानंतर तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा अनुभवलं, तेही न बघता.

त्यानंतरचे सगळे हिवाळे आपले. दर रविवारी सकाळी, शेतांच्या बांधावरून, ओढा ओलांडून, सागाच्या झाडीतून टेकडीच्या चढापर्यंत. वर गेलं की खाली छोटा तलाव, त्याच्यावर धुकं, आणि तुमचा थर्मास. तुम्ही पुढे, मी मागे. एवढ्या वर्षांत आपण बोललो असू चार वाक्यं, बाकी सगळं हातांनी. तुम्ही चौतीस वर्षं दुसऱ्याचे इशारे वाचलेत, आता इशारे द्यायची पाळी तुमची होती आणि तुम्ही ती मनसोक्त भोगलीत. खाली फांदी आहे, बोट खाली. ओढ्यात दगड सुटे आहेत, तळव्याखाली बोट. हा शेवटचा इशारा करायला दोन्ही हात लागतात, म्हणजे लगाम सोडावा लागतो, हे मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं. तुम्ही शंभर वेळा यंत्राला बोट लावून म्हणालात, "काय म्हणतेस?"

आणि एक भांडण. ते राहूनच गेलं, अप्पा.

"आता तू पुढे हो."

"नको. मी मागे बरी."

"मागून तुले काय दिसते? माझी पाठ दिसते. पुढे ये, रस्ता दिसेल."

"तुमची पाठ चांगली आहे."

"सूनबाई, हे काही उत्तर झालं?"

नव्हतंच. खरं उत्तर असं होतं, की मंडळाच्या गणेशोत्सवात स्टेजवर गर्जना करणारी मी, पुढे कुणी नसलं की घाबरते. लोकांना ते पटत नाही. तुम्हालाही पटलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. आत्ता सांगते.

मग मागच्या मार्चमध्ये तुमच्या छातीत दुखलं आणि एक स्टेंट बसली. डॉक्टरांनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं. चाला, हलकं खा, घोडा बंद. सुहासने ते वहीत लिहून घेतलं. तुम्ही पूर्ण वेळ मान डोलावत होतात. बाहेर आल्यावर मी बघितलं, यंत्र खिशात.

नोव्हेंबर संपेपर्यंत तुम्ही वागलात शहाण्यासारखे. परत खिडकीशी बसलात. शहाण्या माणसाची पाठ कशी वाकते ते मी रोज ऑफिसला जाताना बघत होते. डिसेंबरातल्या पहिल्या थंडीच्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात, माकडटोपी घालून. एक बोट वर केलंत आणि त्याच्यावर दुसऱ्या हाताचा तळवा धरलात.

हळू. अगदी हळू.

मी स्कूटरची किल्ली घेतली. अप्पा, ती मी घेतली. तुम्ही मागितली नव्हती.

सुहासला सांगितलं, ताजी भाजी आणायला चाललोय, अप्पांचे पायही मोकळे होतील. पुरावा म्हणून येताना रस्त्याकडेच्या शेतातून मटार घ्यायचे. दुसरं काही त्या रस्त्यावर मिळतच नव्हतं. परिणामी आपल्या घरात दीड महिना मटाराची उसळ, मटारभात, मटाराच्या करंज्या, मटार घातलेले पोहे-उपमा-थालीपीठ. सुहास एकदा ताटाकडे बघत म्हणाला, "बाजारात बाकी सगळ्यांनी संप केलाय का?" तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात. टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिलात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस!

शेवटच्या रविवारचं लिहायला बसले की हात थांबतो. तरी लिहिते.

टेकडीच्या चढाला तुमचा डावा खांदा जरासा खाली आला. बादशाहने वेग कमी केला, त्याला आधी कळलं. मी मागून हात बाजूला काढला, सरळ, तळवा खाली. आणि मग लक्षात आलं, मी एका माणसाच्या पाठीला इशारा करतेय. जगात असा मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या सासरा-सुनेने केला नसेल. ओरडायला पाहिजे होतं. ओरडून तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण रफीकमियाँना तर आलं असतं.

मी हात तसाच धरून ठेवला. आणि तुम्ही वळलात. हात बघितलात.

तुम्हीच सांगायचात मला, क्रेनवर उचल म्हणायचा अधिकार एकाच माणसाचा. पण थांबाचा हात कुणीही करावा, झाडूवाल्याने केला तरी ऑपरेटरने थांबायचं. चौतीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही, असं तुम्ही जेवताना, झोपताना, पाहुण्यांना, पोस्टमनला सांगितलंय. त्या दिवशी मोडलात. लगाम सोडून एक बोट वर केलंत, त्याच्यावर तळवा धरलात, दाढीतल्या दाढीत हसलात, आणि चढून गेलात.

वर चहा पिताना तुमचा चेहरा ठीक दिसत होता. तलावावरचं धुकं उठत होतं.

"पुढच्या रविवारी तू पुढे," तुम्ही म्हणालात.

"बघू."

"क्रेन 'बघू'वर चालत नाही."

मंगळवारी सकाळी तुम्ही अंगणात उन्हाला खुर्चीत बसून मटार सोलत होतात. मी चहा घेऊन आले. सोललेले दाणे वाटीत, न सोललेल्या शेंगा मांडीवर, आणि हातात एक अर्धी उघडलेली. तुम्ही गेला होतात.

तर तेराव्याची संध्याकाळ, पाहुणे गेलेले, आणि माझ्या हातात ती टोपी. सुहासने टोपीवरचे केस बघितले. म्हणाला, "हे काय?"

माझ्याकडे तीन चांगल्या थापा तयार होत्या. तुम्हाला माहीत आहे, माझ्याकडे नेहमी असतात. एकही सांगितली नाही. सगळं सांगितलं. किल्ली, मटार, चढ, हात.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि आत निघून गेला. मग दोन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, तुमच्यामागोमाग आमच्यातलं नातंही गेलं. आणि त्याचं बरोबर होतं, अप्पा. वडील त्याचे होते.

बुधवारी जेवायला बसलो. समोरासमोर, दोघंच; मुक्ता तिच्या हॉस्टेलवर परतली होती. मी भात वाढत होते आणि लक्ष नव्हतं, डोंगर होत चालला. तो बोलायचा नव्हता, त्याने ठरवलंच होतं. आणि त्याचा उजवा हात बाजूला निघाला. सरळ, खांद्याच्या रेषेत, तळवा जमिनीकडे. फ्रीजवर आपटला.

मी थांबले. तो आपल्याच हाताकडे बघत बसला. तुमचाच हात होता तो, मनगटावरच्या हाडासकट. लहानपणापासून या घरात भात असाच थांबतो, त्याला वेगळं काही करताच येत नाही.

मी रडले की हसले, मला सांगता येणार नाही. तो मात्र आधी हसला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू हात केला होतास?"

"केला होता."

"त्यांनी बघितला?"

"बघितला."

"मग काय केलं?"

मी वाढायची पळी खाली ठेवली. एक बोट वर केलं, त्याच्यावर तळवा धरला.

तो कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत होता. "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," म्हणाला. "आणि ते खिडकीशी बसले असते." डॉक्टरांना विचारू या का, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "काय विचारणार? स्वारीने गेले की स्वारीमुळे इतके दिवस राहिले? त्यांना तरी काय माहीत." मग ताट पुढे सरकवून म्हणाला, "मटार तेवढे बंद कर आता."

आज रविवार. सकाळी सुहास तुमची माकडटोपी घालून स्कूटरजवळ उभा होता. त्याने आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही. रफीकमियाँनी त्याला बघितलं, टोपी बघितली, आणि त्यांनी तोंड फिरवून बादशाहचा पट्टा दोनदा आवळला, तुम्ही आवळायचात तसा. "चचा का लड़का है," ते बादशाहला म्हणाले, "तमीज़ से ले जइयो।"

बादशाह मागे उभा राहिला. रानी पुढे. म्हणजे मी पुढे. कुणी ठरवलं नाही, सुहासला रस्ता माहीत नव्हता, एवढंच.

तुमचं खरं होतं, पुढून रस्ता दिसतो. गव्हाला ओंब्या धरल्यात. ओढ्याचं पाणी उतरलंय. पण अप्पा, एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती. पुढे असलं की सारखं मागे वळून बघावं लागतं. दर दहा पावलांना माझी मान वळत होती, बसलाय ना, पडला तर नाही ना. आणि तेव्हा कळलं, की सात हिवाळे तुम्ही दर दहा पावलांना का वळत होतात. मला वाटायचं, माझ्या चुका शोधता.

चढाच्या पायथ्याशी गावातून बँडचा आवाज आला. रानी थांबली. मान वाकवली, आणि सुरू झाली. मी हसायला लागले, तिच्यावर वर-खाली होत, आणि सवयीने हात बाजूला काढला. सरळ, तळवा खाली. वळून बघितलं.

सुहास थांबला होता. दोन्ही हातांनी खोगिराची मूठ गच्च धरून, टोपीतून नुसते डोळे दिसत होते, आणि ते भीतीने मोठे झाले होते. बँड वाजत होता. रानी नाचत होती. मग त्याने एक हात सोडला. आणि मग, मला दिसलं, दुसराही. बोट वर केलं, आणि त्याच्यावर तळवा धरला.

बँड लांब गेला. रानीने पाय टेकले. मी चढाला लागले.